मी आज्जीला ऐकत होते, रेकॉर्डिंगला नाही: क्लोज्ड-बॅक हेडफोन कसा निवडायचा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि एकदा वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



तुमच्यातले बरेच जण हा एपिसोड इअरबड घालून ऐकत असणार. बसमध्ये, हॉस्टेलवर, नाहीतर भांडी घासताना. मजेत ऐका. पण आजचा विषय आहे रेकॉर्ड करताना घालायचा हेडफोन. गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे: “ताई, पॉडकास्ट सुरू करतोय, गावाकडची गाणी रेकॉर्ड करायचीत, बजेट कमी आहे, पहिला हेडफोन कुठला घेऊ?”

मॉडेलची नावं सांगणार आहे, काळजी नको. पण आधी माझी एक फजिती ऐका. ती ऐकलीत की निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

माझी आज्जी, म्हणजे आईची आई, साताऱ्याकडे माण तालुक्यात राहते. तिच्या माजघरात दगडी जातं होतं. चार वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही सगळे तिकडे जमलो होतो. घर पाडून नवीन बांधायचं ठरलेलं, त्यामुळे जातं हलणार होतं. मी म्हटलं, आज्जी, शेवटचं एकदा दळ आणि ओव्या म्हण, मी रेकॉर्ड करते. ती आधी लाजली, मग बसली. एकदा दाणे वैरून खुंटा हातात घेतल्यावर तिला थांबवणार कोण! चाळीस मिनिटं गात होती.

माझ्याकडे हातात मावेल असा रेकॉर्डर होता आणि एक कॉलर माईक. तो मी तिच्या पदराला लावला. कानात माझे फोनबरोबर फुकट आलेले इअरफोन, ते कानाच्या तोंडाशी नुसते अडकून राहतात ना, तसले. आणि मला सगळं इतकं सुंदर ऐकू येत होतं म्हणून सांगू! आज्जीचा आवाज, जात्याची घरघर, मध्येच बांगड्या. मी खूश.

पुण्याला आल्यावर रात्री शांततेत फाइल लावली. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक ‘खर्र’. फेरा आला की खर्र. तो दगडाचा आवाज नव्हता. हात फिरला की पदर हलायचा आणि पदराचा काठ माईकवर घासायचा. माजघरात बसून मी तो आवाज ऐकलाही असेल, पण मला तो जात्याचाच वाटला. कारण माझ्या कानात आज्जी थेट येत होती, समोरून, हवेतून. इअरफोनमधून जे येत होतं ते त्याच्याखाली दबून गेलं. चाळीस मिनिटं मी आज्जीला ऐकत होते. रेकॉर्डिंगला एकदाही ऐकलं नाही.

त्यात एक ओवी होती, लेकीच्या नावाची. त्या बसल्या बैठकीत तिला सुचलेली. नेमकं जिथे लेकीचं नाव येतं, तिथे खर्र. आई म्हणते तिथे तिचं नाव आहे. मावशी म्हणते, छे, माझं आहे. सॉफ्टवेअरने साफ करायचा भरपूर प्रयत्न केला. खर्र कमी झालं, पण त्याबरोबर शब्दही गेला.

पुढच्या वर्षी मी आज्जीला म्हटलं, ती ओवी परत म्हण ना. ती म्हणाली, “अगं, ती त्या दिसाची व्हती. आता कुठनं आणू?”

आता विषयाकडे येऊ.

क्लोज्ड-बॅक म्हणजे काय, आणि तोच का?

हेडफोनच्या वाटीची मागची बाजू जाळीची किंवा उघडी असेल तर तो ओपन-बॅक. मागून पूर्ण बंद असेल तर क्लोज्ड-बॅक. ओपन-बॅकमध्ये आवाज मोकळा वाटतो, गाणं खोलीत वाजतंय असं वाटतं. मिक्सिंगसाठी लोक तो आवडीने वापरतात. पण त्याच्यातून आवाज दोन्हीकडे ये-जा करतो. खोलीतलं कानात येतं आणि कानातलं खोलीत जातं.

रेकॉर्डिंगला हे दोन्ही नको असतं. क्लोज्ड-बॅकचं खरं काम आहे दार लावणं. गोड आवाज देणं हे त्याचं पहिलं काम नव्हे. एकदा हे डोक्यात बसलं की निवड सोपी होते. दुकानात पहिला प्रश्न ‘बास कसा आहे?’ हा नसतो. पहिला प्रश्न ‘दार किती घट्ट लागतं?’ हा असतो.

स्टुडिओत दार आतून बाहेर लावायचं

आमचा स्टुडिओ म्हणजे एक खोली आणि भिंतींवर गोधड्या. तिथे गायक किंवा गायिका माईकसमोर उभी असते, कानात तिला ट्रॅक आणि ठेक्यासाठी क्लिक ऐकू येत असतो. टिक, टिक, टिक. माईक तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, म्हणजे तिच्या कानापासूनही फार लांब नाही. हेडफोनमधून तो टिक बाहेर गळला तर माईक तो उचलतो. गाणं जोरात असेल तर कळत नाही. पण हळुवार ओळ संपते, शेवटचा स्वर विरत जातो आणि त्या शांततेत मागे टिक, टिक ऐकू येतो. तो काढता येत नाही. ती ओळ परत गाऊन घ्यावी लागते, आणि पहिल्यांदा जी भावना आली होती ती तिसऱ्यांदा येईलच असं नाही.

इथे एक सवय लक्षात ठेवा. पुष्कळ गायक एक कान उघडा ठेवतात. दोन्ही कान बंद केले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो आणि सूर पकडायला अवघड जातं. त्यात काही चूक नाही. पण हेडफोनची जी बाजू कानावर नाही, तिच्यातून ट्रॅक सरळ माईककडे जातो. म्हणून त्या बाजूचा आवाज मिक्सरमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये बंद करायचा. तेही जमत नसेल तर ती वाटी निदान डोक्याला घट्ट टेकवून ठेवायची.

बाहेर असताना दार बाहेरून आत लावायचं

फील्डवर उलटं असतं. तिथे बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नाही, म्हणजे तुम्हाला फक्त माईकचं ऐकू येईल. माईकला वारा लागतोय का, वायर सैल आहे का, फ्रीजची गुणगुण येतेय का, हातातल्या रेकॉर्डरवर बोट घासतंय का, हे सगळं माईकच्या कानाने ऐकायचं असतं.

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगते. कुठलाही क्लोज्ड-बॅक सगळं अडवत नाही. बोलण्यातले ‘स’, ‘श’, टाळ, बांगड्या, पक्षी असे उंच आवाज तो बऱ्यापैकी थोपवतो. ढोल, ट्रॅक्टर, जातं असे खालचे आवाज मात्र वाटीतून, जबड्यातून, जमिनीतून येतच राहतात. कंपन्या जो आकडा सांगतात, उदाहरणार्थ सेनहायझर एचडी २८० प्रो हा ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडवतो असं कंपनी म्हणते, त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचायचा. खालच्या आवाजांना तेवढी सूट मिळत नाही.

म्हणून माझा एक नियम आहे. खरं रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी अर्धा मिनिट चाचणी घ्यायची, मग अंगणात किंवा दुसऱ्या खोलीत जाऊन ती ऐकायची. ज्याचं रेकॉर्डिंग आहे ते माणूस समोर नसलं पाहिजे. मी त्या दिवशी उठून फक्त ओसरीपर्यंत गेले असते ना, तरी ते खर्र मला कळलं असतं.

ब्लूटूथ नको, वायरच हवी

हे वाक्य ऐकून तुमच्यातले काही जण नाराज होतील, पण ऐका. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. गाणं ऐकताना ते कळत नाही. पण स्वतःच बोलताय आणि स्वतःचाच आवाज तेवढा उशिरा कानात येतोय, असं झालं की जीभ अडखळते. करून बघा, गंमत वाटेल. ठेका धरून गाणं तर अशक्यच.

दुसरं, तुमच्या इअरबडमधलं नॉइज कॅन्सलिंग. ते खोलीतला पंखा तुमच्या कानातून पुसतं, माईकमधून पुसत नाही. त्याच्या भरवशावर तुम्ही खोली शांत आहे असं समजलात, तर पंखा रेकॉर्डिंगमध्ये तुमची वाट बघत बसलेला असतो. आणि त्या हेडफोनचा आवाजावर स्वतःचा एक संस्कार असतो, शिवाय बॅटरी असते, आणि ती नेमकी गाभ्याच्या क्षणी संपते.

फोनवर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी: बरेच फोन रेकॉर्डिंग चालू असताना तुम्हाला ते ऐकवतच नाहीत. त्यासाठी ‘मॉनिटर’ची सोय असलेलं ॲप लागतं. आणि टाइप-सीच्या एकुलत्या एका भोकात माईक लावला की हेडफोनला जागा उरत नाही. अशा वेळी हेडफोनचं वेगळं भोक असलेला माईक-रिसीव्हर किंवा छोटा रेकॉर्डर घेतलेला बरा. नाहीच जमलं, तर अंगणातली चाचणी आहेच.

ओहम्सचं गणित, दोन मिनिटांत

खोक्यावर ३२ ओहम्स, ८० ओहम्स, २५० ओहम्स असं लिहिलेलं असतं. बरेच जण समजतात की मोठा आकडा म्हणजे भारी हेडफोन. तसं नसतं. हा आकडा हेडफोन विजेला किती अडवतो ते सांगतो.

समजा तुमचं यंत्र हेडफोनला जास्तीत जास्त १ व्होल्ट देतं. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम्स, शाळेतलंच सूत्र. ३२ ओहम्सच्या हेडफोनला मिळतात सुमारे ३१ मिलिवॅट. २५० ओहम्सच्या हेडफोनला मिळतात फक्त ४. बाकी सगळं सारखं असेल तर हा फरक सुमारे ९ डेसिबलचा पडतो. म्हणजे आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवूनही तुम्ही कान टवकारत बसणार.

फोन, लॅपटॉप, बॅटरीवरचा रेकॉर्डर यांना ताकद कमी असते. म्हणून बाहेर फिरायचं असेल तर ३२ ते ८० ओहम्सच्या आसपास राहा. २५० ओहम्सचा हेडफोन स्टुडिओत चांगल्या ॲम्प्लिफायरवर छान चालतो, तिथेच त्याला राहू द्या.

आता नावं

सोनी एमडीआर-७५०६. हा १९९१ पासून बाजारात आहे आणि अजून विकला जातो, यातच काय ते आलं. ६३ ओहम्स, घडी होणारा, गुंडाळीची वायर. फिल्म आणि टीव्हीच्या साउंडवाल्यांच्या बॅगेत जगभर दिसतो. याचे वरचे आवाज जरा टोकदार आहेत. गाणं तासन्‌तास ऐकायला काहींना ते टोचतं, पण आपल्या कामाला तेच बरं. खरखर, टकटक, तोंडाचा चिकट आवाज, सगळं पटकन कळतं. माझ्याकडे आज हाच आहे.

बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो. हा ३२, ८० आणि २५० ओहम्स अशा तीन प्रकारांत मिळत आलाय, त्यामुळे घेताना आकडा बघूनच घ्या. ८० आणि २५० वाल्याला मखमलीसारखी मऊ कुशनं असतात. चार-चार तास एडिटिंगला बसणाऱ्यांना आरामदायक. पण घडी होत नाही, बॅगेत जागा खातो.

ऑडिओ-टेक्निकाची एम मालिका. एम२०एक्स हा यातला सगळ्यात स्वस्त, ४७ ओहम्स, वायर न निघणारी. पहिलीच खरेदी असेल आणि पैसे मोजकेच असतील तर इथून सुरुवात करायला हरकत नाही. एम४०एक्स आणि एम५०एक्सची वायर वेगळी काढता येते. वायर खराब झाली तर फक्त वायर बदलायची. ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांना याचं महत्त्व कळेल.

सेनहायझर एचडी २५. हा १९८८ पासूनचा, ७० ओहम्स. कानाला वेढणारा नाही, कानावर दाबून बसणारा. वजनाला अगदी हलका, आणि जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो. जोरात आवाज असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांचा आणि डीजेंचा लाडका. पण दाबतो बरं का! तासाभराने कानाची पाळी तक्रार करते.

यातला ‘सर्वोत्तम’ कुठला, असं विचारू नका. तुमच्या डोक्यावर जो नीट बसतो तो सर्वोत्तम. कारण वाटी आणि कातडीत फट राहिली की दार उघडंच. चष्म्याची काडी फट पाडते. झुबे, डूल फट पाडतात. जाड वेणी किंवा अंबाडा असेल तर वरची पट्टी सरकते. म्हणून दुकानात जाताना रोज जसे असता तसेच जा, चष्म्यासकट.

दुकानात करायच्या तीन गोष्टी

एक. हेडफोन घाला, पण काहीच वाजवू नका. बरोबरच्या मित्राला हातभर अंतरावर उभं करून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. मग डोकं हलवा, खाली वाका. आवाज एकदम वाढला तर फट पडतेय.

दोन. आता गाणं लावा, तुम्ही ऐकता तेवढ्याच आवाजात. मित्राने त्याच्या फोनवर तुमच्या कानापासून वीतभर अंतरावर रेकॉर्ड करावं. मग दोघांनी ते ऐकावं. किती गळतंय ते समोर येईल. दुकानदार बघत राहील, बघू द्या.

तीन. दहा मिनिटं डोक्यावर तसाच ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात बंद वाटीच्या आत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नकली चामड्याची कुशनं घामाने काही वर्षांत सोलवटतात, कुठल्याही कंपनीची असोत. म्हणून त्या मॉडेलची कुशनं सुटी मिळतात का, हे आधीच विचारा. आणि फार स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका, लोकप्रिय मॉडेलची नक्कल बाजारात भरपूर आहे.

दोन इशारे

पहिला मिक्सिंगचा. बंद वाटीत आवाज आतल्या आत आपटतो, त्यामुळे बास खरा असतो त्यापेक्षा वेगळा वाटू शकतो. रेकॉर्डिंग यावर करा, पण अंतिम निर्णय एकट्या याच्यावर घेऊ नका. एकदा स्पीकरवर ऐका, आणि फोनच्या बारक्या स्पीकरवर तर नक्कीच ऐका. तुमचे श्रोते तिथेच असणार आहेत.

दुसरा इशारा कानांचा. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कामाच्या ठिकाणची नेहमी वापरली जाणारी मर्यादा आहे, आणि अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशोबाने दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. जागतिक आरोग्य संघटना हेडफोनवर ऐकण्यासाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असं धरते. चांगल्या क्लोज्ड-बॅकचा मोठा फायदा इथे आहे. बाहेरचा गोंगाट अडला की बटण वाढवावं लागत नाही. रेकॉर्डिंग बिघडलं तर फाइल जाते. कान बिघडला तर परत मिळत नाही.

शेवटचं

आपल्याकडे पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. आज त्या पारीच्या वेबसाइटवर वाचता येतात, काही ऐकताही येतात. ऐकून बघा. लिहून घेतलेली ओवी आणि आवाजातली ओवी यांत किती अंतर आहे ते कळेल. कोण कुठे श्वास घेते, कुठल्या नावावर आवाज हलतो, ते कागदावर येत नाही.

तुमच्याही घरात असं कोणीतरी असेल. ओव्या म्हणणारी आज्जी असेल, गोंधळाची पदं पाठ असलेले काका असतील, नाहीतर नुसत्या गिरणीच्या संपाच्या गोष्टी सांगणारे आजोबा असतील. हेडफोन घ्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. आहे त्या फोनवर रेकॉर्ड करा. फक्त अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्या आणि अंगणात जाऊन ती ऐका. पैसे साठले की मग दार घट्ट लागणारा एक वायरवाला हेडफोन घ्या, ३२ ते ८० ओहम्सच्या आसपासचा, आणि चष्मा घालून तपासलेला.

आज्जीचं जातं आता नव्या घराच्या अंगणात तुळशीशेजारी आहे. मागच्या वर्षी मी तिला परत रेकॉर्ड केलं, जात्याशिवाय, खाटेवर बसवून. माईक पदराला न लावता स्टँडवर ठेवला, आणि हेडफोन घालून मी पाठमोरी बसले. रेकॉर्डिंग स्वच्छ आलंय. ते ऐकून झाल्यावर आई आणि मावशी पुन्हा त्या जुन्या ओवीवरून भांडल्या. मी आज्जीला विचारलं, खरं सांग, कोणाचं नाव होतं?

ती हसली आणि म्हणाली, “तुझ्या त्या मशिनीला इचार.”

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि रेकॉर्ड केलेलं काही असेल तर पाठवा, मी हेडफोन घालून ऐकेन.